दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: स्वतः कसा काढायचा

सिंगापूरहून न्यूयॉर्कला विमान किती वेळात पोचतं, हे शोधायला बसलात तर पंधरा मिनिटांत पुढचे आकडे हाती येतात. अंतर १५,३४० किलोमीटर. अंतर ९,५३० मैल. अंतर ८,२८० मैल. वेळ साडेअठरा तास. आणि तिकिटावर बघावं तर विमान रात्री ११:३५ ला सुटणार आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५:१५ ला उतरणार, म्हणजे जेमतेम पावणेसहा तास. पहिल्यांदाच हे बघणाऱ्याला वाटतं की यातलं काहीतरी नक्की चुकलंय. खरं तर हे सगळे आकडे बरोबर असू शकतात, कारण प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. एक सरळ अंतर सांगतो, एक तेच अंतर दुसऱ्या मापात सांगतो, एक विमानात बसून राहण्याचा वेळ सांगतो आणि एक फक्त दोन शहरांतल्या भिंतीवरच्या घड्याळांची गोष्ट सांगतो.

म्हणून कुठलाही आकडा दिसला की आधी विचारायचं, हा कशाचा आहे? एवढी एक सवय लागली की उरलेलं काम कागद-पेन्सिलीने होतं. ते कसं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कोणता

शहराच्या नावावरून शोध घेऊ नका. शहर आणि विमानतळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी असे कितीतरी विमानतळ आहेत. टोकियोचे हानेदा आणि नारिता एकमेकांपासून सुमारे ६० किलोमीटरवर. दहा हजार किलोमीटरच्या अंतरात या ६० ने फारसा फरक पडत नाही, पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर तेच ६० किलोमीटर सगळं वेळापत्रक उधळून लावतात.

नावांचा घोळ याहून मोठा. सॅन होजे नावाचं एक शहर कॅलिफोर्नियात आहे, दुसरं कोस्टा रिकाची राजधानी आहे. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी चुकून कॅनडातल्या सिडनीला जाऊन पोचल्याच्या बातम्या एकापेक्षा जास्त वेळा छापून आल्या आहेत.

यावर उपाय म्हणजे तीन अक्षरी कोड. तिकिटावर, बोर्डिंग पासवर, बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर हाच कोड असतो. हीथ्रो म्हणजे एल-एच-आर, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ म्हणजे जे-एफ-के, सिंगापूरचा चांगी म्हणजे एस-आय-एन. ऑस्ट्रेलियातलं सिडनी एस-वाय-डी आणि कॅनडातलं वाय-क्यू-वाय. काही कोड नावाशी अजिबात जुळत नाहीत. शिकागोच्या ओहेअर विमानतळाचा कोड ओ-आर-डी आहे, कारण त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड होतं. त्यामुळे कोड अंदाजाने लिहायचा नाही, तिकिटावरून उतरवून घ्यायचा. वैमानिक आणि हवाई नियंत्रक चार अक्षरी वेगळा कोड वापरतात. तो कुठे दिसला तर गोंधळून जाऊ नका, विमानतळ तोच असतो.

दुसरी पायरी: सरळ अंतर

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचं नाही. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट. गोलाची साल सपाट पसरायची तर कुठेतरी ताणावी लागणारच. आपल्या नेहमीच्या पाहण्यातला नकाशा मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीवर बेतलेला असतो, आणि त्यात विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसं सगळं फुगत जातं. नकाशावरची सरळ रेघ जमिनीवरचा सर्वांत जवळचा रस्ता दाखवत नाही.

हे पटवून घ्यायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पृथ्वीचा गोल आणि हातभर दोरा. सिडनी आणि चिलीची राजधानी सान्तियागो ही दोन शहरं घ्या. दोन्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला, जवळपास एकाच अक्षांशावर, ३३-३४ अंशांवर आहेत. नकाशा म्हणतो, समुद्र ओलांडून सरळ पूर्वेला चला. आता गोलावर दोऱ्याचं एक टोक सिडनीवर अंगठ्याने दाबा, दुसरं सान्तियागोवर धरा आणि हळूहळू ताणा. ३४ अंशांच्या आडव्या रेघेवर ठेवलेला दोरा तिथे राहतच नाही. तो बोटाखालून सरकतो, खाली दक्षिणेकडे घसरतो आणि थेट ६१-६२ अंशांपर्यंत, अंटार्क्टिकाच्या दिशेने जाऊन ताठ होतो. वर थोडा दोरा शिल्लकही राहतो. हा शिल्लक राहिलेला तुकडा म्हणजे वाचलेलं अंतर. आडव्या अक्षवृत्तावरून गेलं तर सुमारे १२,७७० किलोमीटर पडतात, दोऱ्याच्या वाटेने ११,३४०. चौदाशे किलोमीटरहून जास्त फरक! मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा दोरा दोन-तीनदा पुन्हा ताणला होता, विश्वासच बसत नव्हता.

दोऱ्याच्या या वाटेला भूगोलात बृहत्‌वृत्त म्हणतात, इंग्रजी वळणाने ग्रेट सर्कल. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारा काप घेतला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते. कुठल्याही दोन ठिकाणांमधलं 'हवाई अंतर' म्हणून जो आकडा दिला जातो, तो याच वर्तुळावर मोजलेला असतो.

गणिताने काढायचं असेल तर चारच गोष्टी लागतात: दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश. पद्धत अशी. दोन अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही बेरजेत घ्या. जी संख्या येईल तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) म्हणजे दोन ठिकाणांमधला कोन. तो अंशांत असेल तर १११.२ ने गुणायचं, की किलोमीटर मिळाले. (पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याला ३६० ने भागलं की हेच १११ येतात.)

सिंगापूर-न्यूयॉर्क करून बघू. चांगी १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम आहे, म्हणून फरकासाठी बेरीज करायची: १७७.७७. साइनचा गुणाकार येतो ०.०१५५. कोसाइनचा भाग येतो उणे ०.७५८०. बेरीज उणे ०.७४२५. तिचा व्यस्त कोसाइन सुमारे १३७.९५ अंश. गुणिले १११.२, म्हणजे सुमारे १५,३४० किलोमीटर. जगातल्या सर्वांत लांब नियमित प्रवासी उड्डाणांपैकी एकाचं अंतर आपण घरबसल्या काढलं!

नवख्या माणसाच्या दोन चुका इथे ठरलेल्या असतात. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे चिन्हाने लिहायचे राहून जातात. आणि स्प्रेडशीटमध्ये करताना अंश थेट भरले जातात, तिथे मात्र रेडियन (कोन मोजायचं दुसरं माप) लागतात. उत्तर २०,००० किलोमीटरच्या वर आलं तर काहीतरी चुकलं हे लगेच समजावं, कारण पृथ्वीवर कुठल्याही दोन जागा याहून फारशा लांब असूच शकत नाहीत. अर्धा परीघ ओलांडला की उलट बाजूने जवळ पडतं.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे गोल मानून काढलेल्या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या हिशेबाला एवढी अचूकता पुष्कळ झाली. एवढाही खटाटोप नको असेल तर ग्रेट सर्कल मॅपरसारख्या साइटवर दोन कोड टाकले की अंतर आणि नकाशा दोन्ही मिळतं. पण एकदा तरी हाताने करून बघाच. नंतर कुठलाही आकडा बघितला की तो खरा वाटतो की खोटा, हे आतून कळायला लागतं.

मापांबद्दल एकच सांगतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. विमानवाहतुकीत सागरी मैल चालतो आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात. सुरुवातीचे ९,५३० आणि ८,२८० हे दोन्ही 'मैल' म्हणूनच बरोबर होते.

तिसरी पायरी: विमान खरंच त्या वाटेने जातं का

बहुतेक वेळा थोडं वाकडं जातं. उड्डाणानंतर विमानतळाभोवतीचं वळण, ठरलेले हवाई मार्ग, मध्येच उभं राहिलेलं वादळ, या सगळ्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर सरळ अंतरापेक्षा काही टक्क्यांनी वाढतं. दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत आवाक्यात असावा लागतो. महासागरांवर आणि ध्रुवांजवळ त्यामुळे वाट वाकते.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो बंद आकाशामुळे. हेलसिंकी ते टोकियो सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. रशियावरून उडता येत होतं तोवर हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता. २०२२ मध्ये ते आकाश बंद झालं आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमानं उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जायला लागली. वेळ गेला तेरा तासांच्या घरात. दोन्ही शहरं जागच्या जागी, गणितातलं अंतरही तेच, आणि प्रवासात साडेतीन तासांची भर. सोव्हिएत काळातही असंच होतं. युरोपातून जपानला जाणारी विमानं कित्येक वर्षं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जात.

तेव्हा जुन्या लेखातला किंवा जुन्या तिकिटावरचा वेळ आज तसाच धरून चालू नका.

चौथी पायरी: अंतरावरून वेळ

लांब पल्ल्याची आजची जेट विमानं दहा-बारा किलोमीटर उंचीवर, ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने उडतात. त्या उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि थंड हवेत ध्वनीचा वेगही कमी, ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. त्याचे ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किलोमीटर.

पण अंतराला ९०० ने भागून मोकळं होता येत नाही. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, वाट थोडी वाकडी असते, जमिनीवर रांगेतही वेळ जातो. मी वापरतो तो ठोकताळा असा: किलोमीटरना ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा.

सिंगापूर-न्यूयॉर्क: १५,३४० भागिले ८५० म्हणजे १८ तास, अधिक अर्धा, साडेअठरा तास. टोकियो हानेदा ते सॅन फ्रान्सिस्को: सुमारे ८,२८५ किलोमीटर, म्हणजे पावणेदहा तास अधिक अर्धा, सव्वादहा. प्रत्यक्षात तिकडे जाताना साधारण साडेनऊ तास लागतात आणि परत येताना अकरा. दोन्हींची सरासरी काढून बघा, सव्वादहाच येते. म्हणजे ठोकताळा ठीक आहे, फक्त जाण्या-येण्यातला दीड तास कुठून आला ते समजून घ्यायला हवं.

पाचवी पायरी: वारा

मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच.

विमानाचा ९०० चा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. हवा स्वतः वाहत असेल तर जमिनीच्या तुलनेतला वेग वेगळा होतो. वाहत्या नदीतल्या होडीसारखंच. आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या पट्ट्यांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. यांचा वेग ताशी १५०-२०० किलोमीटर सहज असतो आणि कधी ३०० च्याही वर जातो. हिवाळ्यात जोर जास्त.

म्हणून नियम सोपा: पूर्वेकडे जाताना वेळ कमी, पश्चिमेकडे जाताना जास्त. लांब पल्ल्याला ठोकताळ्यातून पूर्वेसाठी अर्धा ते पाऊण तास वजा करा, पश्चिमेसाठी तेवढाच मिळवा. उत्तर-दक्षिण प्रवासात हा फरक बराच कमी राहतो.

या वाऱ्याची ताकद केवढी, याचं एक उदाहरण. लंडन-न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. एरवी न्यूयॉर्कहून लंडनला यायला साडेसहा-सात तास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत तोडून आलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. म्हणून त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली असं मात्र नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं. सीटसमोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड' म्हणून जो आकडा दिसतो, तो हा जमिनीच्या तुलनेतला. पुढच्या प्रवासात तो वाढता-कमी होताना बघा, बाहेर अंधार असला तरी वारा कुठे आहे ते कळतं.

वाऱ्यामुळे वाटही बदलते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी उलट बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, पण पाठीवर वारा मिळाला आणि ते साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा दोनेक तास लवकर. अंतर आणि वेळ या दोन गोष्टी एकमेकींपासून किती सुट्या होऊ शकतात, हे यावरून ध्यानात यावं. उत्तर अटलांटिकवर तर मार्गांचा संच रोज नव्याने ठरतो, पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळा आणि पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळा, आणि त्यात त्या दिवसाचा वारा बघितलेला असतो.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, असं वाटतं. पूर्ण निघत नाही. ९,००० किलोमीटरवर ताशी १०० चा वारा धरा. वाऱ्यासोबत ९ तास, वाऱ्याविरुद्ध सव्वाअकरा. एकूण सव्वावीस. वारा नसता तर वीस. वाऱ्याविरुद्ध उडताना आपण जास्त वेळ त्या वाऱ्यात राहतो, म्हणून हा पाव तास.

सहावी पायरी: वेळापत्रकातला वेळ

वेळापत्रकात जो 'कालावधी' छापलेला असतो, तो हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते पोचल्यावर दुसऱ्या गेटला लागून चाकांना चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे, लावेपर्यंतचा तो सगळा वेळ. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीकडे जाणारी रांग, उतरल्यावर गेट मोकळं होण्याची वाट, सगळं यात आलं. गजबजलेल्या विमानतळांवर कंपन्या यात थोडी जादा मिनिटं आधीच धरून ठेवतात. लंडनहून न्यूयॉर्कला आपल्या ठोकताळ्याने आणि वाऱ्याच्या हिशेबाने पावणेआठ तास येतात, वेळापत्रकात आठच्या आसपास सापडतात, ते यामुळे. वैमानिक माइकवरून 'उड्डाणाचा वेळ सात तास' असं सांगतो तेव्हा तो बहुधा हवेतला वेळ सांगत असतो. दोघांचंही बरोबर.

सातवी पायरी: घड्याळ

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. सुटण्याची इथली, पोचण्याची तिथली. त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा आणि मग वजाबाकी करा.

सुरुवातीचं उदाहरण घ्या. सिंगापूर यूटीसीच्या ८ तास पुढे. रात्री ११:३५ म्हणजे यूटीसी दुपारी ३:३५. न्यूयॉर्क हिवाळ्यात यूटीसीच्या ५ तास मागे. पहाटे ५:१५ म्हणजे यूटीसी सकाळी १०:१५, दुसऱ्या दिवशीचे. आदल्या दुपारी ३:३५ पासून दुसऱ्या सकाळी १०:१५ पर्यंत १८ तास ४० मिनिटं. पावणेसहा तासांचं कोडं सुटलं.

पॅसिफिक ओलांडताना आणखी गंमत असते, कारण मध्ये आंतरराष्ट्रीय वार रेषा येते. समजा हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ४ ला निघालात. यूटीसी सकाळी ७. साडेनऊ तासांनी यूटीसी दुपारी ४:३० ला सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात. तिथली वेळ यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणजे सकाळचे ८:३०, आणि तारीख तीच! कॅलेंडरवर तुम्ही निघायच्या साडेसात तास आधी पोचलेले असता. परत येताना हाच दिवस कापला जातो.

उन्हाळी वेळेचा घोळ वेगळा सांभाळायचा. काही देश वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढे-मागे करतात, काही करत नाहीत, आणि करणारे सगळे एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदल होतो, युरोपात शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तासांचा होतो. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, म्हणून लंडन आणि सिडनीमधला फरक वर्षभरात ९, १० आणि ११ तास असा तिन्ही प्रकारे असतो. हिशेब करताना नेहमी प्रवासाच्या तारखेचा फरक घ्या, आजचा नव्हे.

आणि पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात छापलेलं '+१' किंवा '+२' वाचायचं राहू देऊ नका. लंडनहून रात्री ९ ला निघालेला माणूस बावीस तासांनी सिडनीला पोचतो, तेव्हा तिथे हिवाळ्यातल्या लंडनच्या हिशेबाने तिसऱ्या तारखेची सकाळ उजाडलेली असते. माझ्या मावसभावाच्या तिकिटावरचा तो दोनचा आकडा मी एक म्हणून वाचला होता, आणि पहाटे साडेपाचला त्याला घ्यायला विमानतळावर जाऊन उभा राहिलो. विमान तेव्हा निघालेलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून मी तारीखच नाही तर वारही लिहून घेतो.

मध्ये थांबायचं असेल तर

आधी शब्द नीट वाचा. 'नॉनस्टॉप' म्हणजे वाटेत कुठेही न उतरता. 'डायरेक्ट' म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण विमान मध्ये कुठेतरी उतरू शकतं. हा फरक माहीत नसल्याने कित्येक जण दोन-तीन तासांनी फसतात.

कुठे थांबणं सोयीचं, हेही अंतरावरून कळतं. लंडन-सिडनी सरळ अंतर सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरवरून गेलं तर १०,८८० अधिक ६,३००, म्हणजे १७,१८०. वळसा जेमतेम दीडशे किलोमीटरचा, एक टक्काही नाही. सिंगापूर अगदी दोऱ्याखालीच येतं म्हणायचं. तोच प्रवास लॉस एंजलिसवरून केला तर ८,७६० अधिक १२,०६०, एकूण २०,८२०. तब्बल ३,८०० किलोमीटर जास्त, म्हणजे साडेचार तास नुसते उडण्यात. तिकीट निवडताना प्रत्येक टप्पा वेगळा मोजा, प्रत्येकाला ठोकताळ्यातला अर्धा तास वेगळा धरा, आणि मधला मुक्काम त्यात मिळवा. त्या मुक्कामात टर्मिनल बदलायचं आहे का, सुरक्षा तपासणी पुन्हा आहे का, हे बघितल्याशिवाय दोन तासांखालचं कनेक्शन मी तरी घेत नाही. दोन तिकिटं स्वतंत्र काढली असतील तर दोन तासही कमीच, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी काहीही करायला बांधील नसते.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात

फ्लाइटरडारसारख्या साइटवर आपला फ्लाइट नंबर टाका आणि मागच्या काही दिवसांची उड्डाणं बघा. प्रत्यक्ष किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं, कुठल्या वाटेने गेलं, सगळं तिथे दिसतं. आपला ठोकताळा, वेळापत्रकातला वेळ आणि हे खरे आकडे शेजारी शेजारी लिहा. ठोकताळा तासाभराहून जास्त चुकला असेल तर वाटेत बंद आकाश आहे, वारा जोरात आहे किंवा मध्ये थांबा आहे, यापैकी एक कारण नक्की सापडतं.

आणि घ्यायला येणाऱ्याला निरोप पाठवताना चार गोष्टी लिहा: फ्लाइट नंबर, विमानतळाचा कोड, पोचण्याची तिथली स्थानिक वेळ, आणि तारखेसोबत वार. 'अठरा तासांनी पोचतो' एवढंच कळवलंत, तर समोरच्याला तुम्ही निघालात कधी आणि कुठल्या घड्याळाने, हे शोधत बसावं लागतं.